गाड्या बंद पडल्या तर तुम्ही घरी चालत पोचाल का? वय वाढताना लांब चालण्याची तयारी

जपानमध्ये मोठ्या भूकंपाचं नियोजन करताना एक साधा हिशोब धरला जायचा. सगळ्या गाड्या बंद पडल्या तर किती माणसं चालत घरी पोचतील? तर घर १० किमीच्या आत असेल तर सगळे पोचतील असं धरायचं, त्याच्या पुढे प्रत्येक किलोमीटरला १० टक्के माणसं गळतील, आणि २० किमीच्या पुढे कोणीच पोचणार नाही. ११ मार्च २०११ ला खरंच मोठा भूकंप झाला, टोकियो परिसरातल्या ट्रेन्स थांबल्या आणि त्या दिवशी ५० लाखांहून जास्त लोक घरी पोचू शकले नाहीत असा अंदाज नंतर काढला गेला. जे निघाले ते ऑफिसच्या बुटांत तासन् तास चालत होते. अशा लोकांसाठी तिकडे शब्दच आहे, किताकू नानमिन, म्हणजे घरी जाताना अडकलेले निर्वासित.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही कारण त्याच्या आधीच एकदा माझी परीक्षा होऊन गेली होती. वय ५८, रोज सकाळी ३५-४० मिनिटं चालते, वर्षानुवर्षं, त्यामुळे स्वतःबद्दल जरा गैरसमजच होता. एका संध्याकाळी सगळी वाहतूक ठप्प झाली, घर ११ किमीवर, म्हटलं त्यात काय, जाऊ चालत. पहिले पाच किमी मजेत गेले, सातव्याला डाव्या टाचेला फोड आला, नवव्याला पोटरीत असा गोळा आला की एका कट्ट्यावर बसून पाय चोळत राहिले, आणि घरी पोचायला तीन तास वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी जिना उलटा उतरत होते, रेलिंग धरून. गंमत म्हणजे दम कुठेच लागला नव्हता. हृदय, फुप्फुसं सगळं ठीक होतं, पाय आणि चामडी तयार नव्हती.

म्हणून हा लेख. रोजचं अर्धा तास चालणं तब्येतीला चांगलंच आहे, ते कोणी सोडू नका, पण ते केलं म्हणून तीन-चार तास चालता येईल असं नाही, आणि वय वाढेल तसा या दोन्हींमधला फरक वाढत जातो. का, ते नीट समजून घेऊया.

आधी इंजिनाचं बघू. आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं तो १ धरा. ताशी ५ किमीच्या वेगाने सपाटीवर चालायला त्याच्या साधारण साडेतीन पट लागतो. आता तुमची कमाल क्षमता किती आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. चाळिशीतल्या बऱ्यापैकी फिट माणसाची कमाल समजा १० पट आहे, तर त्याच्यासाठी हे चालणं म्हणजे क्षमतेच्या ३५ टक्के. ही कमाल तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण १० टक्क्यांनी उतरते, म्हणजे सत्तरीत तोच माणूस ७ च्या आसपास येतो, आणि तोच रस्ता, तोच वेग आता त्याची निम्मी ताकद खातो. दिवसभर टिकेल असं काम करायचं तर ते क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावं असा कामगारांच्या बाबतीतला जुना ठोकताळा आहे. निम्म्यावर गेलात की ते फार वेळ टिकत नाही, पाय जड होतात. आणि ज्याची कमाल ५ वर आलीय त्याच्यासाठी तर हे चालणं म्हणजे जवळजवळ पळणंच झालं. आजी-आजोबा 'हळू चला रे' म्हणतात ना, ते हौस म्हणून नाही म्हणत, आपला आरामाचा वेग त्यांच्यासाठी ७० टक्के असतो.

म्हणजे सगळा खेळ शिल्लकीचा आहे. रोजच्या कामाला लागते तेवढी ताकद आणि तुमच्याकडे असलेली ताकद यातला जो फरक, ती तुमची गाठीची पुंजी. तरुणपणी ही इतकी असते की कोणी मोजत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला एक साधा ताप येतो आणि तो नंतर उठून नीट चालूच शकत नाही तेव्हा कळतं की पुंजी कधीच संपत आली होती, तापाने फक्त शेवटची नोट काढली.

ही पुंजी किती पटकन उडते त्याचं सगळ्यात भारी उदाहरण अमेरिकेतल्या डॅलसचं. १९६६ साली तिथे २० वर्षांच्या पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं, उठायचंच नाही, आणि आधी-नंतर त्यांची क्षमता मोजली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत आल्यावर पुन्हा बोलावून मोजले. तर निघालं असं की तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता खाल्ली होती त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने खाल्ली होती. पाचच माणसं होती त्यामुळे यावर जगाचे नियम काढू नयेत, पण वयाच्या नावावर आपण जे खपवतो त्यातलं किती वयाचं आणि किती बसून राहण्याचं हा प्रश्न मला त्यानंतर कायमचा चिकटला. ज्येष्ठांचं तर आणखी वाईट, एका दुसऱ्या अभ्यासात ठणठणीत ज्येष्ठांना फक्त १० दिवस झोपवलं तर त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो स्नायूंचं वजन गेलं.

चालण्याचा वेग हा या शिल्लकीचा एक फुकटातला मीटर आहे. २०११ मध्ये ३४ हजारांहून जास्त ज्येष्ठांची माहिती एकत्र करून बघितलं तेव्हा दिसलं की नेहमीचा चालण्याचा वेग आणि पुढे किती वर्षं जगणार याचा चांगलाच संबंध आहे, सेकंदाला ०.८ मीटर म्हणजे आपल्या वयाच्या मानाने सरासरी आयुष्य, १ मीटर किंवा जास्त म्हणजे सरासरीपेक्षा बरं. आता यातून कोणी 'जोरात चाललं की आयुष्य वाढतं' असं काढू नका, वेग हे लक्षण आहे, हृदय फुप्फुसं नसा सांधे स्नायू डोळे सगळ्यांची बेरीज त्यात दिसते. पण बऱ्याच देशांत रस्ता ओलांडायचे सिग्नल माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून लावतात, म्हणजे ०.८ वाला मध्येच अडकणार. मोजायचं सोपं आहे, जमिनीवर १० मीटर आखा, दोन-तीन पावलं आधीपासून नेहमीसारखं चालत या आणि मोबाईलवर सेकंद मोजा. १० सेकंदांत झालं तर १ मीटर.

आता पायांकडे येऊ, कारण लांब अंतरात माणूस बहुतेक वेळा फुप्फुसांमुळे थांबत नाही, पायांमुळे थांबतो.

वयानुसार चालण्यात एक गुपचूप बदल होतो. तरुण माणूस पुढे जायचा धक्का मुख्यतः पोटरी आणि घोट्यातून देतो, टाच उचलताना जो रेटा बसतो ना तो. वय वाढतं तसा हा रेटा कमी होतो आणि ते काम खुब्याकडे सरकतं, पावलं आखूड पडायला लागतात, पाय थोडा घासला जातो. अर्ध्या तासात हे जाणवत नाही. तीन तासांत खुबा आणि कंबर बोंबलायला लागते आणि आपण म्हणतो कंबर गेली, खरं तर पोटरी गेलेली असते. पोटरीचं दुसरं काम म्हणजे पायातलं रक्त दाबून वर ढकलणं, शिरांमध्ये झडपा असतात त्यामुळे ते खाली परत येत नाही, म्हणून चालताना पाय कमी सुजतात आणि नुसतं उभं राहिलं की जास्त.

मग उपाय काय, जास्त चाला? इथे मला जरा अप्रिय बोलायचंय. नुसत्या चालण्याने पायांची ताकद फारशी वाढत नाही. जोर लावायला जे जलद स्नायूतंतू लागतात, ठेच लागल्यावर पटकन पाय पुढे टाकून सावरायला, खुर्चीतून उठायला, वयात तेच आधी बारीक होतात, आणि आरामात चालताना ते फारसे वापरलेच जात नाहीत. हाडांचंही तसंच, चालण्याने हाडांची घनता खूप वाढते असं काही नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते तिथेच थांबत नाही, सोबत दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि ६५ च्या पुढे तोल सांभाळायचे आणि ताकदीचे मिळून व्यायाम आठवड्यात तीन दिवस, हे सांगते. हा भाग सगळे वाचतात आणि सोडून देतात, मीही दहा वर्षं सोडला. मी आता काय करते तर दात घासताना टाचा वर उचलते खाली आणते, पंधरा-वीस वेळा, मग एका पायावर उभी राहते बेसिन धरता येईल अशा अंतरावर, आणि दिवसातून दोनदा हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठते. बस. जिम वगैरे नाही. सहा-आठ आठवड्यांत चढावर फरक कळला.

हे सगळं एकत्र केलं तर काय होतं ते अमेरिकेत तपासून झालंय. ७० ते ८९ वयाचे १,६३५ लोक, सगळे आधीच जरा अशक्त पण ४०० मीटर चालू शकणारे. अर्ध्यांना चालणं आणि सोबत ताकद-तोल-लवचिकतेचे व्यायाम, अर्ध्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी अडीच वर्षांच्या वर हे चाललं. ४०० मीटर चालण्याची क्षमता व्याख्यानवाल्यांमध्ये ३५.५ टक्के लोकांनी गमावली आणि व्यायामवाल्यांमध्ये ३०.१ टक्के लोकांनी. २०१४ मध्ये हे छापून आलं. फरक जादूचा नाही हे बघा, व्यायाम करूनही तीस टक्के लोकांची क्षमता गेलीच. पण त्या वयात ४०० मीटर चालता येणं म्हणजे स्वतः बाहेर पडता येणं, त्यामुळे तो फरक मला मोठा वाटतो.

वेगाबद्दल एक छान युक्ती जपानमधूनच आली. मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात हिरोशी नोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यमवयीन आणि ज्येष्ठ लोकांना तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, अशा पाच फेऱ्या आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस करायला लावल्या. पाच महिन्यांनी या लोकांच्या मांड्यांची ताकद आणि दम दोन्ही, एकाच संथ चालीने रोज चालणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले, बीपीही जास्त उतरलं. जोरात म्हणजे किती, तर बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागावा. माझी सकाळची ३५ मिनिटं मी आता अशीच करते, नाहीतर पूर्वी ती ३५ मिनिटं म्हणजे मैत्रिणीशी गप्पा आणि मध्ये मध्ये पाय.

आणि ते १० हजार स्टेप्सचं भूत उतरवा डोक्यावरून. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पेडोमीटरच्या नावातून आला, 'मानपो-केई', म्हणजेच १० हजार पावलांचा मीटर. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या जवळपास १७ हजार स्त्रियांवरचा अभ्यास आला त्यात दिवसाला २,७०० वाल्यांपेक्षा ४,४०० वाल्यांचा मृत्युदर बराच कमी होता आणि साधारण ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. तब्येतीसाठी तेवढं पुरे. पण आपला विषय लांब अंतराचा आहे, आणि तिथे दिवसाची सरासरी काही सांगत नाही. दिवसभरात तुकड्या-तुकड्यांत ८ हजार पावलं टाकणारा माणूस सलग ८ हजारांना सरावलेला असतोच असं नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा एक लांब चाल. बाकी दिवस काय असेल ते, पण एक दिवस नेहमीपेक्षा लांब, आणि ती हळूहळू वाढवत न्यायची. हळूहळू हा शब्द सगळे म्हणतात पण कारण कोणी सांगत नाही. कारण असं की शरीराचे भाग वेगवेगळ्या वेगाने तयार होतात. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, स्नायूबंध, तळपायाचे पट्टे आणि हाडं यांना महिने लागतात कारण तिथे रक्तपुरवठा कमी आणि बांधकाम सावकाश. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात माणसाला भारी वाटायला लागतं, दम लागत नाही, उत्साहात तो अंतर दुप्पट करतो आणि नेमकी तेव्हाच टाच धरते. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहॉप्ट नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलंय की लांब कूच केल्यावर सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात. तेव्हा कारण कळलं नव्हतं, एक्स-रे आल्यावर दिसलं की तळपायाच्या लांब हाडांना बारीक तडे गेलेत. त्याला अजूनही मार्च फ्रॅक्चर म्हणतात. तरुण सैनिकांचं हे, तर पाळी गेलेल्या बायकांनी, ज्यांची हाडं आधीच पातळ होत असतात, जास्तच सांभाळायला हवं. पायाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी बोट ठेवलं की कळ येते आणि चाललं की वाढते, तर ते मुरगळणं समजून चालत राहू नका, डॉक्टरला दाखवा.

माझा स्वतःचा बेत असा होता, पहिल्या आठवड्यात लांब चाल ५ किमी, मग दर आठवड्याला अर्धा-एक किमी वाढ, दोन आठवडे वाढवलं की तिसऱ्या आठवड्यात मुद्दाम कमी. पाच महिन्यांनी १५ वर आले. याहून पटकन करता येतं का, येत असेल, मला घाई नव्हती. वेग कसाही असो, पूर्ण वाक्य न थांबता बोलता यायला हवं हीच लांब चालीची मर्यादा, धाप लागेल असं चालायचं नाही.

गुडघे झिजतील ही भीती जवळजवळ सगळ्यांना असते आणि ती बरीचशी उलटी आहे. गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, दाब पडला की स्पंजसारखं त्यातलं द्रव बाहेर जातं, दाब सुटला की सांध्यातलं वंगण आणि त्यातलं पोषण आत येतं, म्हणजे चालणं हाच तिचा जेवणाचा डबा. २०२२ च्या एका अमेरिकन अभ्यासात गुडघ्याचा संधिवात असलेल्या पन्नाशीपुढच्या लोकांपैकी जे व्यायाम म्हणून चालत होते त्यांना नव्याने सतत गुडघेदुखी लागण्याचं प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी होतं. ज्यांना आधीच खूप दुखतं, गुडघा सुजलेला आहे, अडकतो, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी आधी तपासून घ्यावं.

उतार मात्र खरंच त्रास देतो. चढताना मांडीचे स्नायू आखडून जोर लावतात, उतरताना ते ताणले जात असताना ब्रेक लावतात आणि त्यात त्यांना सूक्ष्म इजा होते, म्हणून दुखणं लगेच नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उफाळतं. पण यात एक दिलासा आहे, एकदा हे होऊन गेलं की पुढचे काही आठवडे तोच उतार खूप कमी दुखवतो, शरीर लक्षात ठेवतं. म्हणून कुठे डोंगराळ भागात जायचं असेल तर आधी दोन-तीनदा जिने उतरून घ्या, चढण्यापेक्षा उतरण्यावर लक्ष द्या. दोन्ही हातांत काठ्या घेतल्या तर गुडघ्यांवरचा भार थोडा कमी होतो आणि तोल तर खूपच सुधारतो, लोक बघतात, बघू द्या. वेळेचा अंदाज बांधायला १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक नियम सांगितला होता, ५ किमीला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तो धडधाकट माणसासाठी, थांबे न धरता. साठीच्या आसपास मी त्यात पाव वेळ वाढवून धरते आणि अजून तरी अंधारात अडकले नाही.

पायांचा बारीकसारीक भाग, जो अर्ध्या तासाच्या फेरीत कधीच समोर येत नाही. तासाभराने पाय फुगतो, आणि वयानुसार पाऊल तसंही पसरतं, म्हणजे तिशीतला बुटाचा नंबर साठीत चालत नाही, पण आपण तोच मागतो. बूट संध्याकाळी, मोजे घालून, उभं राहून घ्यायचे, अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा. ती नसली की उतारावर अंगठ्याचं नख पुढे आपटत राहतं आणि काळं पडतं. फोड येतो तो घासण्याने, पण ओल्या चामडीवर जास्त, म्हणून घाम धरून ठेवणारे सुती मोजे लांब अंतराला वाईट, लोकरीचे किंवा सिंथेटिक बरे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोड येण्याआधी थोडा वेळ ती जागा गरम वाटते, चुरचुरते. तेव्हाच थांबायचं, बूट काढायचा, कोरडं करायचं आणि चिकटपट्टी लावायची. मी त्या संध्याकाळी 'घर आलंच आता' म्हणून थांबले नाही, दोन मिनिटं वाचवली आणि आठ दिवस लंगडले. डायबिटीस असलेल्यांना तर हे चुरचुरणं कळतच नाही अनेकदा कारण नसा बधिर झालेल्या असतात, त्यांनी प्रत्येक लांब चालीनंतर तळवे डोळ्यांनी बघायचे, दिसत नसेल तर आरसा खाली धरून.

सामानाच्या बाबतीत लोक फार वाहवत जातात. एमा गेटवूड ही अकरा मुलांची आई १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी अमेरिकेतला ३,२०० किमीहून लांब अॅपलेशियन ट्रेल एकटीने चालून गेली, पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी आणि पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. त्याच्या आदल्या वर्षीचा तिचा प्रयत्न फसला होता, रस्ता चुकली, चष्मा फुटला आणि रेंजर लोकांनी तिला घरी जायला सांगितलं. मला ती ट्रेलपेक्षा यासाठी आवडते. अर्थात तिचं बघून कॅनव्हासचे बूट घालू नका. पण ओझं कमी ठेवणं हे खरं, प्रत्येक किलो पायांना प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. अडचणीच्या वेळी पाणी, औषधं, टॉर्च, चार्जर मिळून चार-पाच किलो होतातच, तर अधूनमधून लांब चालीला तेवढी पिशवी पाठीवर घेऊन बघायची. पहिल्यांदा घ्याल तेव्हा अंतर निम्मं करा.

उन्हाचं काटेकोर सांभाळा. नेदरलँड्समध्ये १९०९ मध्ये सुरू झालेली चार दिवसांची चाल नाइमेखनला होते, दिवसाला ३० ते ५० किमी, चाळीस हजारांच्या आसपास माणसं, त्यात सत्तरी-ऐंशीचेही. इतका अनुभव असलेल्या त्या लोकांनी २००६ मध्ये पहिल्याच दिवशी उष्म्यामुळे दोन मृत्यू झाल्यावर पूर्ण कार्यक्रम बंद केला. वय झालं की घाम उशिरा आणि कमी येतो, तहानही मंदावते, म्हणजे शरीराचा अलार्मच हळू वाजतो. म्हणून तहान लागायची वाट न बघता घोट घोट पीत राहायचं, पण उलटं टोकही आहे, भीतीपोटी लिटरच्या लिटर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही जिवावर बेततं. दोन तासांच्या पुढे चालणार असाल तर काहीतरी खारट सोबत ठेवा. लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, इन्सुलिन किंवा शुगर उतरवणारी औषधं घेत असाल तर लांब चालीच्या दिवशी डोस आणि खाणं कसं ठेवायचं हे डॉक्टरला आधी विचारा, रस्त्यात शुगर पडली तर बाजूला कोणी असेलच असं नाही. बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळे घड्याळावरचा नाडीचा आकडा बघून खूश होऊ नका, बोलता येतंय का तेच बघा.

काही खुणा मात्र 'वय झालं' म्हणून सोडायच्या नाहीत. चालताना छातीत, जबड्यात किंवा हातात दडपण येणं आणि थांबल्यावर जाणं. ठरावीक अंतर गेल्यावर पोटरी भरून येणं आणि उभं राहिलं की दोन-चार मिनिटांत उतरणं, हा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचा प्रकार असू शकतो, गंमत म्हणजे तपासणीनंतर त्यावर डॉक्टर बऱ्याचदा चालायलाच सांगतात. एकाच पायाची पोटरी सुजून लाल-गरम झाली तर मात्र चालायचं नाही, थेट दवाखाना.

शेवटी आजारपणानंतर परत सुरू करण्याबद्दल, कारण सगळ्यांचं तिथेच तुटतं. मागच्या वर्षी मी तापाने नऊ दिवस अंथरुणात होते आणि उठल्यावर पहिल्या रविवारी जुन्या सवयीने १२ किमीला निघाले, चौथ्या किमीला पाय थरथरायला लागले, रिक्षा करून परत. आता नियम केलाय, आठवडाभर पडून राहिले तर आधीच्या अंतराच्या एक तृतीयांशावर परत यायचं, खुर्चीतून उठण्याचे दहा आधी जमले पाहिजेत मग रस्ता, आणि पूर्वीच्या अंतरावर यायला निदान एक-दीड महिना द्यायचा. डॅलसच्या त्या पाच जणांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पन्नाशीत मोजून झाल्यावर त्यांना सहा महिने चालणं, जॉगिंग आणि सायकल असं करायला लावलं, अगदी कमीपासून सुरुवात करून शेवटी आठवड्याला साधारण साडेचार तास, आणि सरासरीने त्यांची क्षमता १९६६ मध्ये झोपवण्याआधी होती तिथे परत आली. वजन मात्र फारसं उतरलं नाही.